तावडेकाकांच्या खिशातला राजीनामा

तावडेकाका शर्टाच्या खिशात कायम एक राजीनामा बाळगायचे. चार घड्यांचा, टाइप केलेला, फक्त तारीख आणि सही बाकी. शर्ट बदलला की तो या खिशातून त्या खिशात जायचा. आमच्या शिपायाने कधीतरी त्यावरचा 'राजीनामा' हा शब्द वाचला आणि बातमी साहेबांच्या केबिनपर्यंत गेली.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत ते अकाउंटंट आणि मी त्यांच्या हाताखाली. राहायला वाशीत एकाच इमारतीत. तेव्हा वाशीत माणसं मोजकी, डास भरपूर. नेरूळ तर नुसतं नकाशावर होतं.

एप्रिलमध्ये साहेब काकांना आत बोलवायचे. काकांचा हात खिशाकडे गेला की साहेब घाईघाईने म्हणायचे, "बसा हो तावडे, बघू ना आपण." पहिल्या वर्षी पगारात साठ रुपये वाढले, मग दीडशे, मग एकदम साडेतीनशे. बाहेर येऊन काका म्हणायचे, "काय टेन्शन घेतो हा माणूस. मी पेन काढत होतो."

एवढं होऊन पेढे नाहीत की साधा चहा नाही. जागेवर बसून चिठोऱ्यावर कसलीशी बेरीज करायचे, "अजून नाही" म्हणायचे आणि चिठोरं फाडायचे. मला वाटायचं, काय हावरट माणूस आहे.

कामाला मात्र वाघ. "दुसऱ्याची टिक नाही, ती बेरीज नाही," हे त्यांचं पालुपद. त्यांची प्रत्येक बेरीज मी तपासून हिरव्या पेन्सिलीने टिक करायची. दारावर येणाऱ्या कोळणीकडून बोंबील घेतले तरी मला हाक मारायचे, मोजायला. ती म्हणायची, "साहेबांना माज्यावर भरवसा नाय, सोताच्या डोल्यावर पन नाय."

तावडेकाकू देवरुखला, शाळेत मास्तरीण. मे महिन्यात वाशीला यायच्या. तो महिनाभर काका ऑफिसातून पाचाच्या ठोक्याला निघायचे, गच्चीवर दोघं खाडीकडे बघत बसायची. जूनमध्ये काकू गेल्या की आठवडाभर काका कुणाशी धड बोलायचे नाहीत. त्यांचा तो चेहरा बघवत नसे.

एका एप्रिलात त्यांचे एकदम साडेसातशे वाढले. त्या रविवारी दुपारी काका माझ्याकडे आले. खिशातला तो कागद काढून माझ्या हातात दिला.

"मुख्याध्यापकांस," अशी सुरुवात होती. खाली नाव होतं, सौ. सुमन तावडे.

"हा काकूंचा राजीनामा?"

"लग्नाच्या वर्षी टाइप केलाय. गावी आई-अण्णा हिच्या पगारावर आहेत, त्यांचं अडायला नको. म्हणून ठरवलं, दोघांचा मिळून जेवढा पगार होतो तेवढा माझ्या एकट्याचा झाला की हिने सोडायची आणि इकडे यायचं. चौदा वर्षं झाली रे. पगार चौपट झाला, तरी जमत नाही." त्यांनी चिठोरं पुढे केलं.

सवयीने मी पेन्सिल उचलली आणि थांबलो.

"काका, ही बेरीज दरवर्षी नव्याने मांडता?"

"मग? जुने आकडे काय कामाचे?"

"मग तुमचे वाढलेले साडेसातशे या बेरजेतही वाढले. ती कायम काकूंच्या पगाराइतकी पुढेच राहणार."

काका चिठोऱ्याकडे बघत राहिले. मला उगाच बोललो असं झालं.

"ही तुला टिक करायला कधी दिलीच नाही," ते हळूच म्हणाले. "घरची होती ना."

"काकू काय म्हणायच्या?"

"दर पत्रात लिहायची, आहे त्यात भागेल, आई-अण्णांनाही घेऊन येते. मी म्हणायचो, हिला हिशेबातलं काय कळतं?" त्यांनी चष्मा पुसला, पण परत लावला नाही.

मग माझंच पेन घेऊन त्यांनी कागदावर तारीख टाकली.

"पोस्टात टाकून येऊ?" मी विचारलं.

"नको. सही समोर घ्यावी. संध्याकाळची एसटी आहे."

सोमवारी काकांची खुर्ची रिकामी बघून साहेबांनी मला आत बोलावलं. चेहरा पार उतरला होता. "तावडेंनी दिला का रे शेवटी राजीनामा?"

मी घड्याळात बघितलं. एसटी सकाळीच पोचली असणार.

"हो साहेब," मी म्हटलं, "आत्तापर्यंत दिला असेल. देवरुखला."