चार हजार दोनशे पॉइंटांचं अंतर

नवराबायकोत परवानगीपेक्षा जास्त अंतर आढळल्याबद्दल नगरपालिकेची नोटीस आली, ती मी शेजारच्या ढवळ्यांची समजून त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती परत आणली. नाव माझंच होतं : निरंजन उपळेकर, आणि पत्नी देवयानी. पंधरा दिवसांत अंतर न मिटल्यास पत्नीस पुढच्या ओळीत हलवण्यात येईल, असं खाली लिहिलं होतं.

मी लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या करतो. दोन अक्षरांत केसभर फट जास्त राहिली तरी मला जेवण जात नाही. माझ्या घरात अशी चूक राहीलच कशी, असं मी देवयानीला म्हणालो. ती दुसऱ्या खोलीत होती. तिला ऐकू गेलं नाही.

शनिवारी निरीक्षक कुलथेबाई मोजपट्टी घेऊन आल्या. आम्ही दोघं सोफ्यावर शेजारी बसलो होतो.

"रोज बसता तसे बसा," त्या म्हणाल्या.

देवयानी उठून खिडकीजवळच्या खुर्चीत गेली.

"चार हजार दोनशे पॉइंट. मर्यादा बहात्तर आहे."

"बहात्तर म्हणजे बरोबर एक इंच," मी म्हणालो. मला माहीत होतं, म्हणून सांगितलं.

"सरकवून भागणार नाही. जोडाक्षरच करावं लागेल. कोण अर्धं होतंय?"

मी देवयानीकडे पाहिलं. बाईंनी तेही टिपून घेतलं.

"एकोणीस वर्षं मीच होते," देवयानी म्हणाली. "आता हौस फिटली."

बाईंनी नियम वाचून दाखवला. देवयानीच्या 'द'ला उभा दांडा नसतो; त्याला अर्धं करायचं तर पाय मोडावा लागतो, आणि त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. निरंजनच्या 'न'चा दांडा नुसता काढला की झालं.

"दुखेल का?"

"ताठ राहायची सवय असेल तर दोन दिवस जड जातं."

सोमवारी नगरपालिकेत माझा दांडा काढून घेतला आणि पावती दिली. उठायला गेलो तर एकट्याला उभं राहता येईना. देवयानी पुढे आली. मी तिच्या खांद्याला टेकलो, आणि कारकुनाने आमच्या दोघांच्या डोक्यावरून एकच शिरोरेघ ओढली. तिच्या कानामागे तीळ होता.

"हा कधीचा?" मी विचारलं.

"जन्मापासूनचा."

घरी येताना ती भाजीवाल्याकडे थांबली. मीही थांबलो, दुसरा इलाज नव्हता.

"गवार किती देऊ, ताई? किती माणसं?"

"दीड," देवयानी म्हणाली.

त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि तराजूतली एक मूठ गवार परत काढून ठेवली.