साहेबांना कार्बन केलं त्याची गोष्ट

रसायनशास्त्राच्या शिक्षकाची जागा रिकामी ठेवायची, खेळाच्या मास्तराच्या हातात पुस्तक कोंबायचं आणि निकाल घसरला की विज्ञानवर्गच बंद करायला निघायचं! वरच्या कचेरीतल्या साहेबलोकांनो, हे तुमचंच कर्तृत्व.

त्यातलेच एक साहेब वर्ग तपासायला आले. पोरं अडली की वर्गाला कुलूप, हे खेळाच्या मास्तरांना, म्हणजे शिट्टीसरांना, पक्कं ठाऊक होतं.

"विद्युतऋणता म्हणजे काय?"

"अणूची हाव, साहेब," एक मुलगी म्हणाली. "बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची. ज्याची हाव मोठी, ते टोक ऋण, दुसरं धन. त्या दोन टोकांमधल्या ओढीचं माप म्हणजे द्विध्रुव आघूर्ण."

"अस्सं? मग कार्बन डायऑक्साइडमधले दोन ऑक्सिजन एवढे हावरे, तरी अख्ख्या रेणूचं आघूर्ण शून्य कसं?"

पोरं शिट्टीसरांकडे बघू लागली. शिट्टीसरांना पुस्तक आठवेना, मैदान आठवलं.

"साहेब, जरा मधला कार्बन होता का?"

साहेब 'अं?' म्हणेपर्यंत रस्सीखेचीचा दोर त्यांच्या पोटाभोवती बसलाही. शाळेच्या रस्सीखेच संघातल्या जुळ्या बहिणींपैकी एक दोराचं एक टोक धरून दाराकडे, एक दुसरं धरून खिडकीकडे. शिट्टी वाजली.

"हललात का साहेब?"

"नाही! पण आवळतंय हो!"

"आवळणारच. दोन्ही बाजूंची ओढ सारखी, दिशा उलट. बेरीज शून्य!"

सगळं इथंच थांबलं असतं. पण दारातून शिपाई चहा घेऊन आला. त्याला वाट द्यायला दाराकडची बहीण फळ्याकडे सरकली. ती सरकली म्हणून खिडकीकडचीही सरकली. ओढायचं थांबवा, असं दोघींना कुणीच सांगितलं नव्हतं. साहेबांचे बूट नवेकोरे, फरशी गुळगुळीत. साहेब घसरत निघाले, वाटेत टेबल धरलं, तेही सोबत आलं, आणि खडूच्या डब्यासकट फळ्याखाली बसकण मारली.

"चहा कुठं ठेवू, साहेब?" शिपायाने विचारलं.

शिट्टीसरांनी डोळे मिटले. गेला वर्ग!

"वाकडं झालं..." खडूने पांढऱ्याफटक झालेल्या साहेबांच्या मिशीतून आवाज आला, "ओढ तेवढीच, पण वाकडं झालं, की शून्य होत नाही!"

"पाण्याचा रेणू असाच वाकडा असतो, साहेब!" अख्खा वर्ग ओरडला.

"आयला! कॉलेजात नुसतं पाठ केलं होतं. कळलं आज." साहेब हसत उठायला गेले आणि पुन्हा बसले. दोराचं टोक अजून जुळ्यांतल्या धाकटीच्या मुठीत होतं.

"सोड की गं!"

"सोडते. आधी सांगा, साहेब, शिक्षक कधी पाठवताय?"