टेकाळे सरांचं नव्व्याण्णव

टेकाळे सरांना ‘कसे आहात?’ असं विचारलं, की ते थांबतात, खरोखर विचार करतात आणि मग म्हणतात, ‘‘नव्व्याण्णव.’’

नवा माणूस खूश होतो. त्याला वाटतं, शंभरात नव्व्याण्णव, म्हणजे उत्तमच की! प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘माहीत नाही’ एवढाच असतो. सर कुवेतमधल्या जाब्रिया भागातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी विभागात आकडेवारी सांभाळतात. तिथल्या फॉर्मवर उत्तर माहीत नसेल तर ९९ लिहायचं, प्रश्न त्या माणसाला लागूच नसेल तर ८८, आणि माणसानं सांगायला नकार दिला तर ९७. ही त्या धंद्याची रीत आहे. बाकीचे लोक ती कार्यालयात ठेवून घरी येतात. सर ती सोबत घेऊन येतात, जिन्यात वापरतात, बकाल्यातही वापरतात. बकाला म्हणजे आमच्या रिग्गईतल्या इमारतीखालचं किराणा दुकान. तिथला मल्याळी दुकानदार एकदा लाडानं म्हणाला, ‘‘सर, कोथिंबीर आज एटी-एट.’’ सर पिशवी खाली ठेवून त्याला समजावत बसले. ‘‘अरे बाबा, कोथिंबीर संपली म्हणजे शून्य. लागू नाही कसं? तू दुकानदार आहेस, कोथिंबीर तुला लागू आहेच.’’ मागे रांग लागली होती.

एकच गोष्ट त्यांना सोसत नाही. रिकामा रकाना. ‘‘रिकामं म्हणजे आम्ही काय समजायचं? विचारलंच नाही, का विचारून लिहायचं विसरलास, का तिथं माणूसच नव्हता?’’

मराठी मंडळाच्या स्नेहभोजनाची यादी एकदा सरांकडे दिली. तेव्हापासून कुणी देत नाही. ‘तिखट चालेल का?’ या रकान्यात बँकेतल्या एका गृहस्थांनी काहीच लिहिलं नव्हतं. सरांनी तीन फोन केले. तिसरा त्यांच्या बायकोनं उचलला. ‘‘अहो टेकाळे, त्यांना काय विचारता? त्यांनी काय खायचं ते मी ठरवते.’’ सरांनी शांतपणे फोन ठेवला आणि यादीत नवा आकडा काढला. ७७ : दुसऱ्यानं ठरवलं. पुढच्या चार दिवसांत निम्म्या नवऱ्यांनी स्वतःहून फोन करून आपलं उत्तर बदलून घेतलं.

मी सरांच्या खालच्या मजल्यावर, भाऊ-वहिनीकडे राहते. पुण्यात होते तेव्हा बायकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेची पत्रकं लिहायचे. ‘जाब विचारा!’, ‘आणखी किती सोसायचं?’ अशी. इथं मी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हाताळते. पत्रकं वाटायची इथं सोय नाही, पण लिहायची खोड जात नाही. मग लिहिते आणि हाती लागेल त्याला वाचून दाखवते. एक सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाला लावला.

‘‘मुक्ताबाई, या ‘लाखो स्त्रिया’ कुठून आल्या?’’

‘‘सर, ते सगळ्यांनाच माहीत आहे.’’

‘‘सगळे म्हणजे किती? आणि लाखो कितीपैकी? छेद कुठाय याचा? पानभर राग आहे बाई, छेद एकबी नाही.’’

मी कागद हिसकावून घेतला. दोन दिवस धुमसले आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता भांडायचंच म्हणून वर जाऊन बेल वाजवली. सरांनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि मला आत ओढलं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप होता. पडद्यावर एक पत्र्याची खोली, बाकांवर दाटीनं बसलेली पंधरा-वीस माणसं, बहुतेक बायका, काही नर्सच्या गणवेशात. सगळ्यांनी माझ्याकडे बघून हात हलवले. सर पडद्याला म्हणाले, ‘‘ही आमची शेजारीण. भांडायला आली आहे. चहा करेल.’’ आणि मी, जिनं आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून चहा केला नाही, ती चहा करायला गेले.

ती माणसं होती युगांडातल्या एका जिल्हा रुग्णालयातली. त्यांचं आमचं घड्याळ एकच. इकडं दहा, की तिकडंही दहा. आमची शुक्रवारची सुट्टी, त्यांचा कामाचा दिवस, म्हणून वर्ग शुक्रवारी. सरांच्या रुग्णालयात युगांडाची एक नर्स आहे. तिची बहीण हॅरिएट त्या गावात सुईण. चार वर्षांपूर्वी तिनं बहिणीकरवी निरोप पाठवला होता: बाहेरचे संशोधक येतात, आमच्या बाळंतपणाच्या नोंदवह्यांचे फोटो काढून नेतात, त्यातून काय निघालं ते आम्हाला कधी कळत नाही. ते आमचं आम्हाला काढता यावं म्हणून शिकवणारं कुणी आहे का? सर लगेच हो म्हणाले. तेव्हापासून दर शुक्रवारी वह्यांमधल्या नोंदी संगणकावर कशा चढवायच्या, कशा तपासायच्या, त्यांना प्रश्न कसे विचारायचे, हे सर शिकवतात. एकाही पैशाचा संबंध नाही.

इथं मला बोललंच पाहिजे. अशा ठिकाणी ‘क्षमता वाढवायला’ मोठमोठे प्रकल्प येतात. शहरातल्या हॉटेलात पाच दिवसांची कार्यशाळा होते. पिशवी मिळते, गळ्यात नावाची पट्टी मिळते, पाचव्या दिवशी पायऱ्यांवर उभं करून सगळ्यांचा फोटो काढतात. सहाव्या दिवशी सुईण आपल्या वॉर्डात परत येते, तेव्हा तिच्याकडे प्रमाणपत्र असतं आणि अडलं तर विचारायला कुणीही नसतं. बाळंतपणं हिनं करायची, वह्या हिनं भरायच्या आणि शोधनिबंधावर नाव मात्र भलत्याच माणसाचं. याला चोरी म्हणू नये तर काय म्हणावं? हे मी सरांपुढे तावातावानं बोलले, तर म्हणाले, ‘‘बरोबर आहे. आता तो चहा गाळ.’’

मग त्यांनी मला हॅरिएटची चूक सांगितली. ती चूक ते मानपत्रासारखी सांगतात.

पहिल्या वर्षी हॅरिएटनं गावातल्या आयांचं सरासरी वय काढलं. ते आलं एक्केचाळीस. बाळंतिणींचं! सर म्हणाले, ‘‘हॅरिएट, तुमच्या गावात आज्या बाळंत व्हायल्यात का?’’ सगळा वर्ग हसला. झालं होतं असं, की ज्यांचं वय माहीत नव्हतं त्यांच्यापुढे ९९ लिहिलेलं होतं आणि संगणकानं बिचाऱ्यानं ते वय समजून बेरजेत धरलं होतं. आता ते ९९ गाळून टाकले की सरासरी ठीक येते. तिथं आलेल्या एका मोठ्या परदेशी प्रकल्पानं तेच केलं होतं. ‘अपूर्ण नोंदी वगळल्या,’ अहवालात एक ओळ, विषय संपला.

सरांनी ते करू दिलं नाही. ‘‘नव्व्याण्णव हे उत्तर नाही. ते काम आहे. परत जाऊन विचारायचं.’’

हॅरिएट गेली. मोटारसायकलच्या मागे बसून, लाल मातीच्या रस्त्यांनी, सुट्टीच्या दिवशी, घरोघर. आणि एकेक वय घेऊन आली. सोळा. पंधरा. सतरा. पुन्हा पंधरा. ज्यांचं वय कुणी विचारलं नव्हतं त्या बहुतेक सगळ्या मुली होत्या. एकट्या आलेल्या, घाबरलेल्या, पटकन घरी गेलेल्या. गावातल्या सगळ्यांत लहान आया त्या ९९ च्या मागे बसून होत्या आणि अहवालानं त्यांना वगळून टाकलं होतं.

आता त्या रुग्णालयात मंगळवारची सकाळ फक्त त्या मुलींसाठी असते. हॅरिएटनं आपल्याच आकड्यांचा कागद अधिकाऱ्यापुढे ठेवून ती मिळवली. हे ऐकलं त्या दिवसापासून माझ्या पत्रकांत ‘लाखो’ येत नाहीत.

मी मग दर शुक्रवारी वर जाऊ लागले. सरांना त्या जागेचं सगळं ठाऊक होतं. खिडकीपाशी आंब्याचं झाड आहे, तिसरा बाक डुगडुगतो, दारात कोंबडा ओरडला की स्वयंपाकीण मावशी त्याला हाकलायला येते. ‘‘तुम्ही गेला होता का सर तिकडं?’’ मी विचारलं. ‘‘शून्य वेळा,’’ ते म्हणाले. दर वर्षी जायचं ठरायचं. कधी रजा मिळाली नाही, कधी इकाम्याचं, म्हणजे इथल्या निवासपरवान्याचं, नूतनीकरण आडवं आलं, आणि एका वर्षी तर सरांच्या बायकोचं, काकूंचंच आजारपण निघालं. त्यात त्या गेल्या, त्याला आता तीन वर्षं झाली.

तिकडं अचानक पाऊस यायचा. पत्र्यावर असा कोसळायचा की कुणाचं काही ऐकू येत नसे. हॅरिएट म्यूटचं बटण दाबायला जायची, तर सर हात वर करायचे. ‘‘राहू द्या, राहू द्या.’’ आणि दहा मिनिटं वर्ग बंद. रिग्गईत खिडकीबाहेर मातकट ऊन आणि सर डोळे मिटून लॅपटॉपसमोर बसलेले. मी एकदा म्हटलं, ‘‘सर, झोप लागली का?’’

‘‘गप गं. ऐकायलो.’’

मे महिन्यात सरांचं कंत्राट संपलं. रुग्णालयानं निरोप समारंभ केला, केक कापला, खांद्यावर शाल घातली. नोकरी संपली की इकामा संपतो, इकामा संपला की देश सोडायचा. एकतीस वर्षं इथं राहिलेल्या माणसाला हा हिशेब ऐकवताना कुणाचा आवाज कापत नाही, हे मला भयंकर वाटतं. सर म्हणाले, ‘‘त्यात भयंकर काय? फॉर्मवर आधीपासून लिहिलेलं होतं.’’

वर्ग आता हॅरिएट घेणार होती. तिनं सगळ्यांची यादी केली. नाव, काम, फोन, कायमचा पत्ता. सरांची ओळ पहिली. त्यांनी ती भरून परत पाठवली, तेव्हा मी शेजारीच भांडी खोक्यात भरत होते. पडद्याकडे नजर गेली. कायमचा पत्ता : ९९.

‘‘सर, हे काय?’’

‘‘रिकामं सोडलं नाही ना?’’

‘‘परभणी लिहा की, तुमचं गाव.’’

‘‘घराच्या वाटण्या झाल्या. सध्या पुतण्याकडं उतरतो, पुढचं पुढं.’’

‘‘मग मुलीकडे? कॅनडाला?’’

‘‘ती म्हणते, ‘बाबा, लेट्स सी.’ ’’ त्यांनी कढई वर्तमानपत्रात गुंडाळली, नीट, चारही बाजूंनी. ‘‘तिचंबी नव्व्याण्णवच आहे पोरी. खोटं कशाला लिहू?’’

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर घोषणा असते. त्या वेळी मी फक्त कढईचं झाकण त्यांच्यापुढे सरकवलं.

शेवटच्या शुक्रवारी कुवेतवर धुळीचं वादळ होतं. समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. टेबल विकलेलं, म्हणून लॅपटॉप खोक्यावर आणि आम्ही दोघं जमिनीवर. तिकडं हॅरिएट फळ्यापाशी उभी, सरांसारखाच चष्मा कपाळावर. सर विद्यार्थ्यासारखे वही उघडून बसले होते. ती इंग्रजीत बोलते, मी माझ्या भाषेत सांगते.

‘‘आज सराव आपल्याच यादीवर,’’ ती म्हणाली. ‘‘यात नव्व्याण्णव किती आहेत?’’

मागच्या बाकावरून एक परिचर म्हणाला, ‘‘एक.’’

‘‘कुठे?’’

‘‘पहिल्या ओळीत.’’

‘‘नव्व्याण्णव म्हणजे काय?’’

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, ‘‘परत जाऊन विचारायचं!’’

हॅरिएट कॅमेऱ्याकडे वळली. ‘‘सर, तुमचा पत्ता?’’

सरांनी वहीत काहीतरी खरडलं. ‘‘अठ्ठ्याऐंशी करा. लागू नाही.’’

‘‘लागू आहे, सर.’’

‘‘मग सत्त्याण्णव. सांगायला नकार.’’

‘‘नकार देणाऱ्याकडे आम्ही दुसऱ्यांदा जातो,’’ हॅरिएट म्हणाली. ‘‘तुम्हीच शिकवलंत. मी मोटारसायकल काढू का?’’

पंधरा-वीस माणसं आमच्या रिकाम्या खोलीकडे बघत बसली होती. मी सरांकडे बघायचं टाळलं. मग त्यांनी लॅपटॉप मांडीवर ओढला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, आपल्या ओळीत टाइप केलं. तिकडं प्रोजेक्टरनं भिंतीवर ते उमटलं.

कायमचा पत्ता : शुक्रवार, सकाळी दहा.

हॅरिएटनं ते वाचलं. चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचलं.

‘‘सर, हा पत्ता नाही. तुम्ही या रकान्यात वेळ लिहिली आहे. ही चूक आहे.’’

‘‘हो,’’ सर म्हणाले.

‘‘दुसऱ्या कुणाची असती तर मी खोडली असती.’’ तिनं हातानं नाक पुसलं. ‘‘ठेवते.’’

तेवढ्यात तिकडं पाऊस आला. पत्रा असा वाजायला लागला की फळ्यापाशी उभ्या हॅरिएटचे नुसते ओठ हलताना दिसत होते. ती बोलायची थांबली, खुर्ची ओढून बसली आणि बटणाला तिनं हात लावला नाही. सगळा वर्ग तसाच बसून राहिला. आमच्या खिडकीच्या फटीतून धूळ येत होती.

सरांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं. मग माझ्या कानाशी वाकून, त्या आवाजातही ऐकू यावं म्हणून जरा मोठ्यानं, म्हणाले, ‘‘पुतण्याकडं गेलो की याच वेळेला साडेबारा व्हतील ना गं?’’

‘‘हो सर. घड्याळ अडीच तास पुढे करावं लागेल.’’

‘‘मग नाही करत,’’ ते म्हणाले आणि बाही खाली ओढून घड्याळ झाकून घेतलं.