रॉनचा काचेचा वाडगा

न्यूझीलंडमध्ये, लोअर हट गावातल्या आपल्या स्वयंपाकघरात देवयानी फ्रीझरचं दार गुडघ्याने रेटत होती, तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली. शेजारचे म्हातारे रॉन. हातात पुन्हा तोच काचेचा वाडगा, द्राक्षांनी शिगोशीग.

"अगं, काल तर तू शंकरपाळे भरून पाठवलास ना तो?" तिचा नवरा नितीश पुटपुटला.

"मग काय रिकामा परत करू? आपल्यात देतात का कुणी?"

"त्यांना वाटत असेल, हिला अजून हवीत."

ही द्राक्षं आपल्या नाशिकची नव्हेत. काळीशार, अमेरिकन वाणाची. दाबलं की साल बोटांत आणि गर बियांसकट घशात. पहिला वाडगा दोघांनी चाटूनपुसून संपवला. मग चकल्या गेल्या, द्राक्षं आली. थालीपीठं गेली, द्राक्षं आली. अन्न टाकवत नाही, म्हणून फ्रीझर.

"झाली बरं का, लव्ह," वाडगा देत रॉन म्हणाले; 'लव्ह' ते सगळ्यांनाच म्हणत. "हे शेवटचे घोस. ईस्टरची जेली राहिली यंदा. मार्गरेट असती तर ओरडली असती."

मार्गरेट म्हणजे त्यांची गेलेली बायको. ती वाढली अमेरिकेत, एका मोठ्या तळ्याकाठी. तिथल्या वाइनच्या मळ्यांत असलीच द्राक्षं. इथे तिला करमेना, म्हणून रॉननी हा वेल शोधून आणून लावला. त्याच्या द्राक्षांच्या जेलीची बरणी दर ईस्टरला लेकीकडे जायची.

देवयानी घरात येऊन मटकन बसली. "मी त्या माणसाचा ईस्टर खाल्ला रे."

"खाल्लास कुठे? फ्रीझरमध्येच आहे की."

दोघं पिशव्या घेऊन रॉनकडे गेले. गोठलेल्या द्राक्षांची जेली होते का, असं देवयानीने विचारलं.

"स्वीट अ‍ॅज, झकास होते," रॉन म्हणाले आणि पिशव्या ठेवायला त्यांनी आपला फ्रीझर उघडला. आत जागाच नव्हती. चकल्या, शंकरपाळे, थालीपीठं, सगळं नीट रचलेलं.

रॉनचे कान लाल झाले. "कवळी आहे, लव्ह. चाववत नाही. पण टाकवेना. आणि आई म्हणायची, शेजाऱ्याने भांडं भरून दिलं, तर आपणही भरून द्यावं."

नितीश खिडकीबाहेर बघत राहिला, कारण हसू आवरत नव्हतं.

मग एका शेगडीवर जेली रटरटली आणि दुसरीवर थालीपीठं वाफवून मऊ झाली. "मार्गरेट गेल्यापासून कुंपणाशी कुणी थांबतच नव्हतं," ढवळता ढवळता रॉन म्हणाले. "थँक्स हं, रोज आलात."

लेकीची बरणी भरली. दुसरी त्यांनी वाडग्यात ठेवून देवयानीच्या हातात दिली.

परतताना नितीशने हळूच विचारलं, "आता वाडग्यात काय?"

"शिरा," देवयानी म्हणाली. "मऊ करते."