वापरलेलं पंजायंत्र, अस्वलासह

नागरिकाची तक्रार ही कोणत्याही कार्यालयाची सर्वांत मौल्यवान ठेव असते. आमच्या कार्यालयाने ही ठेव वर्षानुवर्षं इतकी जपली, की तिला कुणाचा हातसुद्धा लागू दिला नाही. मुख्य लिपिक या नात्याने त्या जपणुकीत माझाही खारीचा वाटा आहे.

अशात वरून आदेश आला. तक्रारदाराला आपली तक्रार कुठे आहे, हे कार्यालयीन वेळेत केव्हाही डोळ्यांनी दिसलं पाहिजे. दिसल्यानंतर तिचं काय व्हावं, याबद्दल आदेशात एक अक्षर नव्हतं. म्हणजे आदेश अंमलात आणण्याजोगा होता.

साहेबांनी ताबडतोब बैठक बोलावली. हिशेबनीस होते, मी होतो, आणि खिडकीवरचा कारकून होता. खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला तो "उद्या या" म्हणतो, म्हणून त्याला सगळे उद्याराव म्हणतात. तोही आता त्याच नावाला ओ देतो.

"काचेचं कपाट घेऊ," मी सुचवलं.

"कपाट फर्निचरमध्ये येतं. फर्निचर खरेदी बंद आहे," हिशेबनीस म्हणाले.

"मग नुसती काच?"

"काच इमारत दुरुस्तीत. तीही बंद."

"अहो, मग चालू काय आहे?" साहेब वैतागले.

हिशेबनिसांनी चष्मा कपाळावर सरकवला. "जुनी यंत्रसामग्री. तो निधी पडून आहे. वर्षअखेरीआधी संपवला नाही, तर पुढच्या वर्षी मागायला तोंड राहणार नाही."

तेव्हा आता आम्हाला हवं होतं एक जुनं यंत्र, ज्याला चारी बाजूंनी काच आहे आणि ज्याच्या आत तक्रारी ठेवता येतील. असं यंत्र जगात असणं शक्य नाही, असं माझं मत पडलं. उद्याराव मात्र डोकं खाजवत म्हणाला, "आहे की. भाच्यांना घेऊन गेलो होतो तिथे. काचेची पेटी, आत खेळणी, वरून पंजा येतो आणि काही न घेता परत जातो. ते गेमचं दुकान बंद होतंय, सगळं विकायला काढलंय."

"काही न घेता परत जातो?" साहेब खुर्चीत पुढे सरकले. "चला, बघून तर येऊ."

दुकान एका तळघरात होतं. मोटारसायकलची बैठक असलेले खेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते, शिक्षा झाल्यासारखे. मालक सरळ माणूस निघाला. वापरलेली वस्तू विकताना माणसं सरळ असतात, असा माझा अनुभव नाही; पण हा होता.

"साहेब, आधीच सांगतो," तो म्हणाला. "हा पंजा धरतो, पण धरून ठेवत नाही."

"माणसासारखाच आहे," हिशेबनीस पुटपुटले.

"घट्ट पकड मधूनच कधीतरी येते. विसांतून एकदा धरा. मागच्या बाजूला एक खटका आहे, तो फिरवला की कमी-जास्त करता येतं. नंतर म्हणू नका, फसवलं."

"म्हणजे विसांतल्या एकाचं काम होतं?" साहेबांनी विचारलं.

"हो. वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट?" साहेबांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "अहो, आमचा आजचा दर याच्या जवळपाससुद्धा नाही."

सौदा तिथेच ठरला. आतली खेळणी मालकाने काढून घेतली, पण एक कान नसलेलं एक अस्वल पार तळाशी अडकलं होतं, ते काही निघेना. म्हणून हिशेबनिसांनी पावतीवर 'वापरलेलं पंजायंत्र, अस्वलासह' असं लिहून घेतलं. एकदा पावतीवर आल्यावर अस्वल सरकारी झालं. त्याला हलवायचं तर आता वरची मंजुरी लागणार होती.

यंत्र कार्यालयाच्या दारातच बसवलं. बक्षिसांसाठी असतात तसे प्लास्टिकचे आरपार दिसणारे पोकळ गोळे यंत्राबरोबर फुकट आले होते. एकेका गोळ्यात एकेक तक्रार घडी करून घातली, वर नाव चिकटवलं आणि सगळे आत सोडले. नियम साधा होता. एका तक्रारीला रोज एक डाव: दांड्याने पंजा हवा तिथे न्यायचा आणि सोडायचा. जो गोळा बाहेर येईल तो खिडकीवर जमा करायचा, आणि जे जमा होईल त्याची सुनावणी त्याच दिवशी.

इथे घरातली एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण ती पुढे त्याच यंत्रात गेली.

आमच्या घराच्या दारासमोर गटार आहे आणि त्या गटाराचं झाकण नाहीसं झालं आहे. माझे सासरे आमच्याकडेच राहतात. त्यांनी हयातभर लोकांना मोटार चालवायला शिकवलं. निम्मं शहर त्यांच्या शिव्या खाऊन रस्त्याला लागलं. रोज संध्याकाळी ते बागेतल्या बाकावर आपल्या तीन दोस्तांबरोबर गप्पा मारायला जात. झाकण गेलं आणि त्यांचं जाणं थांबलं, कारण एक गुडघा अधू आहे आणि भोक मोठं. आता ते खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना "इंडिकेटर दे, गाढवा!" असं ओरडत. दिवसेंदिवस तेही कमी होत चाललं होतं, आणि त्याचीच बायकोला धास्ती होती.

"अहो, तुम्ही त्याच ऑफिसात बसता ना?" ती म्हणाली.

"म्हणूनच तर. घरच्या तक्रारीला हात लावला, तर लोक काय म्हणतील?"

"परक्यांच्या तक्रारींना तरी कधी लावलात?"

शेवटी तिने तक्रार लिहिली, मी ती रीतसर गोळ्यात घातली आणि यंत्रात सोडली. निळा गोळा होता. अस्वलाच्या बगलेत जाऊन बसला.

पहिल्या आठवड्यात एक भानगड झाली. एका बाईंना स्वतःचा गोळा काही मिळाला नाही, पण पंजा अस्वलात अडकला आणि मालकाला न निघालेलं ते अस्वल बाहेर आलं. बाई कायद्याच्या पक्क्या. त्यांनी ते खिडकीवर जमा केलं. आता जमा झालेल्याची सुनावणी त्याच दिवशी, हा नियम आम्हीच केलेला. साहेबांनी अस्वलाला समोरच्या खुर्चीत बसवलं.

"आपली काही तक्रार?"

अस्वल काही बोललं नाही.

"कार्यालयाच्या सेवेबद्दल असमाधान?"

अस्वल गप्पच. मी 'तक्रारदार समाधानी' अशी नोंद केली आणि अस्वल परत आत गेलं. आमच्या कार्यालयाच्या इतिहासात त्याच दिवशी निकाली निघालेलं ते पहिलं प्रकरण. वरून अभिनंदनाचा फोन आला.

पण खरा चमत्कार वेगळाच होता. पंजा रिकामा परत गेला, की यंत्रातून एका लाडिक बाईचा आवाज येई, "अय्या! थोडक्यात हुकलं! उद्या या हं!" आणि लोक हसत. टाळ्या वाजवत. उद्याराव बिचारा हळहळला. "भाऊसाहेब," तो मला म्हणाला, "मी इतकी वर्षं दुसरं काय सांगत होतो? मला शिव्या घालायचे, आणि हिला टाळ्या?"

पूर्वी माणूस आमच्या दारातून बाहेर पडताना म्हणे, "काय भिकार ऑफिस आहे!" आता तोच माणूस स्वतःच्या पंज्याकडे बघत म्हणे, "छे, माझंच चुकलं. घाईत सोडला." कार्यालयाविरुद्धची ओरड थांबली. साहेब रोज दुपारी दाराआड उभे राहून हे ऐकत आणि रुमालाने डोळे पुसत.

चौकातल्या शिंप्याने मशिनी एका कोपऱ्यात सारून पंजा-मार्गदर्शन वर्ग काढला. 'हमखास पकड, मर्यादित जागा.' ज्यांची काही तक्रार नव्हती तेही तक्रार घेऊन येऊ लागले. एकाने आपल्याकडे पाणी वेळेवर येतं, अशी तक्रार केली. तक्रारींची संख्या वाढली, तसा वर 'लोकसहभाग वाढला' असा अहवाल गेला आणि इतर कार्यालयं जुनी पंजायंत्रं शोधत तळघरातून तळघरात फिरू लागली.

बायकोही रोज जाऊ लागली. एकदा मी स्वतः पाहिलं. पंजा अलगद उतरला, निळ्या गोळ्यावर बरोबर बसला, तिन्ही बोटं मिटली. गोळा उचलला गेला. मागे उभी गर्दी श्वास रोखून होती. गोळा हलत हलत भोकापर्यंत आला, काठाला उजवीकडून टेकला, डुगडुगला आणि गडगडत परत अस्वलाच्या मांडीवर जाऊन पडला.

"अय्या! थोडक्यात हुकलं!"

त्या संध्याकाळी जेवताना तिने ते तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा सासऱ्यांनी घास खाली ठेवला.

"दांडा झटक्यात सोडलास?"

"हो, बाबा."

"अगं, क्लच आहे तो! असा सोडतात होय? तुला गाडी मीच शिकवली ना? लाज वाटते मला." मग माझ्याकडे वळून, "जावईबापू, उद्या एक फळी बघा. मी येतो."

दुसऱ्या दिवशी गटारावर फळी टाकली. मी पुढून, बायको मागून, असे सासरे कित्येक महिन्यांनी घराबाहेर पडले. यंत्रासमोर उभं राहून त्यांनी आधी आरसा शोधला. नव्हता. मग दांडा धरला. त्या दिवशी गोळा आला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ते सकाळीच कपडे करून बसू लागले. पाठोपाठ बागेतले तिघे दोस्तही आले. तिथे उभं राहायला तक्रार लागते, म्हणून त्यांनीही एकेक दिली. एकाची तक्रार अशी होती, की बागेतल्या बाकावर हल्ली कुणी येत नाही.

बायको खूश होती, पण मुद्दा सोडणारी नव्हती. तिने साहेबांना दारातच गाठलं. "साहेब, झाकणाचं तेवढं बघा. बाबांना घराबाहेर पडता येत नाही हो."

"ते काय, समोर उभे आहेत," साहेब म्हणाले.

"ते तक्रारीसाठी बाहेर पडतात!"

"म्हणजे पडतात."

रात्री ती माझ्यावर घसरली. "तो खटका फिरवा ना मागचा. एकदाच. जरा घट्ट."

मी साहेबांना भीतभीत विचारलं. साहेबांनी मला खुर्ची दिली, यावरूनच मी ओळखलं की नकार आहे. "भाऊसाहेब, समजा पकड घट्ट केली. रोज गोळे बाहेर येतील. मग सुनावण्या. मग निकाल. मग म्हणाल, झाकणं बसवा. झाकणं आहेत आपल्याकडे?"

"नाहीत."

"मग लोकांची फसवणूक करायची का आपण?"

मी खुर्ची जागेवर सरकवून बाहेर आलो.

आणि मग तो दिवस आला. सासऱ्यांनी दांडा धरला. दोस्त मागून "डावी घे, डावी!" म्हणून ओरडत होते. "गाडी चालवताना बोलायचं नसतं," असं म्हणून सासऱ्यांनी त्यांना गप्प केलं. पंजा उतरला. मिटला. ती विसांतली एक पकड होती की क्लच सोडण्याची कला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. निळा गोळा हवेतून संथ आला, भोकावर थांबला आणि सरळ खाली पडला. यंत्रातली बाई या वेळी काही बोलली नाही. बहुधा या प्रसंगासाठी तिच्याकडे वाक्यच नव्हतं.

लोकांनी सासऱ्यांना खांद्यावर घेतलं. साहेबांनी हस्तांदोलन केलं. उद्यारावाच्या डोळ्यांत पाणी होतं. तो खिडकीतून हात पुढे करून म्हणाला, "द्या बाबा, जमा करा. आजच्या आज सुनावणी."

सासऱ्यांनी गोळा छातीशी धरला. "जमा? हा?"

"नियम आहे."

"परत मिळतो का?"

"नाही. जमा म्हणजे जमा."

सासरे माझ्या बायकोकडे बघू लागले. मला खात्री होती, आता ती गोळा हिसकावून खिडकीत टाकणार. इतके दिवस झाकण-झाकण करणारी बाई ती. तिने गोळा हातात घेतला, फिरवून पाहिला, पर्समधल्या रुमालाने त्यावरचा बोटांचा ठसा पुसला.

"असू दे, बाबा," ती म्हणाली. "घरी ठेवू."

घरी यायला आम्हाला उशीर झाला, कारण वाटेत प्रत्येक जण थांबवून गोळा हातात घेऊन बघत होता. फळीवरून सासरे एकटे चालत आले, कुणाचा हात न धरता. तो गोळा आता दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात आहे. आलेला पाहुणा आधी तो बघतो, मग चहा घेतो. आत घडी केलेली तक्रार स्पष्ट दिसते. वरच्या आदेशाचं आमच्या घराइतकं तंतोतंत पालन दुसरीकडे कुठे झालं नसेल.

नंतर सहज चौकशी केली. ज्यांचे ज्यांचे गोळे आजवर बाहेर आले, त्यांतल्या एकानेही तो जमा केलेला नाही. अस्वल सोडून एकही सुनावणी झालेली नाही. सासरे आता शिंप्याच्या वर्गात शिकवतात, नवी तक्रार घेऊन रोज डाव खेळतात, आणि बायको म्हणते, तुमच्या ऑफिसाने आयुष्यात हे एक काम चांगलं केलं.

हे वाचून तुम्हाला हसू येत असेल. येऊ द्या. पण मघाशी तिचा गोळा काठावरून गडगडत परत गेला, तेव्हा तुम्हीही मनात म्हणालातच ना, पंजा जरा डावीकडे घ्यायला हवा होता?

गटार अजून उघडं आहे. फळी तेवढी परवा बदलली.