पालकसभेतली तारीफ

शेळीची तारीफ करावी तर रामहरीनंच. बाजारात तो बोलायला लागला, की मरतुकडी शेळीसुद्धा मान ताठ करून उभी राहायची! पोराच्या बाबतीत मात्र तोंडाला कुलूप. कौतुक केलं की नजर लागते, ही घरची शिकवण. त्यामुळे पाचवीतला मल्हार 'बावळट' आणि 'येडं' एवढंच ऐकत वाढला. मग काय व्हायचं? तालुक्याच्या पळण्याच्या स्पर्धेतून त्यानं नावच काढून घेतलं. "मला काय येतंय, मॅडम?" म्हणाला.

मोनिका मॅडमनी पालकसभा बोलावली. मल्हारची आई दीपाली जाणार होती, पण नेमकी शेळी व्यायला झाली. तिनं येडशीच्या बाजारात गेलेल्या नवऱ्याला फोन लावला.

"शाळंत तुमीच जावा. पोराबद्दल चार शब्द चांगलं बोलायचं हाय म्हनं."

"म्या? मला न्हाय जमत बाई."

"शेळ्यांचं बरं जमतंय!"

रामहरी बाजारातून परस्पर शाळेत गेला. "आमची आरोही लई गुणाची," म्हणून आरोहीची आई खाली बसली. टाळ्या झाल्या. मग रामहरीची पाळी आली. त्यानं घसा खाकरला, टोपी सारखी केली, परत घसा खाकरला. शेजारी मल्हार मान खाली घालून अंगठ्यानं फरशी उकरत होता. त्याच्याकडं बघून रामहरीची सवयीची जीभ सुटली ती थेट बाजाराच्या वाटेनं.

"बघा मंडळी, अस्सल घरचा माल! दात बघा दात!" त्यानं मल्हारची हनुवटी वर केली. "एक किडका न्हाय. पाठ बघा, कशी सरळ हाय! पाला टाका, भाकर टाका, नाक मुरडत न्हाय. भर उन्हाळ्यात बी वाळत न्हाय!"

वर्ग हसून लोळायला लागला. मल्हारचे कान लालेलाल झाले. आपलं काहीतरी चुकतंय हे रामहरीला कळत होतं, पण थांबायचं कुठं ते सुचेना. तेवढ्यात नातीसाठी आलेलं त्याचं जुनं गिऱ्हाईक, दगडोबा, मागून ओरडलं, "समदं खरं, पर पाय वाकडं दिसत्यात!"

बाजारात कुणी खोड काढली, तर रामहरी हसून सोडून द्यायचा. इथं मात्र त्याचं डोकं सटकलं.

"कुनाचं पाय वाकडं? मल्हार, दाव रं पळून!"

मल्हार बाहेर मैदानात पळाला. आधी लाजत, मग जीव खाऊन. पालक खिडक्यांशी गोळा झाले, टाळ्या सुरू झाल्या, आणि पोरगं काही थांबेचना. मॅडमनी त्याचं नाव स्पर्धेत परत घातलंसुद्धा.

"बरं, किंमत बोला!" दगडोबा म्हणाला.

"ह्यो इकायचा न्हाय." रामहरीनं टोपी डोळ्यांवर ओढली. तो पटकन खाली बसला.

परतताना मल्हार मोटारसायकलवर मागं बसला. मग हळूच म्हणाला, "आप्पा, शेळीचं बी तुमी असंच सांगता. ते समदं खरं असतंय व्हय?"

आली का पंचाईत! हो म्हणावं, तर पोरगं आणि शेळी एकाच दावणीला. नाही म्हणावं, तर आजची सगळी तारीफ पाण्यात. रामहरीनं गाडी हळू केली.

"शेळीचं दुप्पट करून सांगावं लागतंय."

"अन् माझं?"

"तुझं म्या निम्मंच सांगितलं."

मल्हार मागून त्याला घट्ट बिलगला.

"मग राहिलेलं सांगा की!"