अकरा खांदे आणि एक वॅगन

१९५६ सालच्या मे महिन्यात, रावेरकडच्या गिरधरभाऊंच्या केळीबागेत काम करणाऱ्या अकरा पुरुषांच्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ होती. दहा जणांच्या डाव्या खांद्यावर. धनसिंगच्या तेवढी उजव्या.

गिरधरभाऊंचा मेहुणा अभिमन पिंपळनेरचा. त्या भागात केळी नाही. पुण्यात तो डॉक्टरकी शिकत होता आणि खांद्याच्या हाडांवर तोंडी परीक्षेत एकदा आपटला होता. तेव्हापासून माणूस समोर आला की त्याला आधी गळ्याखालचे हासळीचे हाड दिसे, मग चेहरा! सुटीत बहिणीकडे आला तरी पायाला भिंगरी लागल्यासारखा तो बांधावर येरझारा घालत पाठांतर करी.

"आता खांद्याचे निदान मी झोपेतही करीन!" असे तो म्हणाला आणि त्याच क्षणी त्याला त्या गाठी दिसल्या. त्याने समोरच्या गड्याला, तोतारामला, थांबवले.

"तोतारामभाऊ, कधी मार लागला होता?"

"लागला व्हता ना. दोन वर्सांखाली लग्नाची गाडी उलटली."

"गाडीत कोण कोण होते?"

"आम्ही बठ्ठेच, अकराबी!"

अभिमनने निदान करून टाकले. हासळी आणि पाठीमागचा फरा यांच्यामधला सांधा निखळलेला, तोही एकाच वेळी अकरा जणांचा!

"अन् धनसिंग?" तोतारामने विचारले. "त्याची गाठ इकडं कशी?"

"तो गाडीत उलटा बसला असणार!"

"पन दुखत नही भो."

"हेच तर वाईट लक्षण! घड उचललात तर हात कायमचा जाईल!"

दहा वाजेतो बहिणीची, प्रमिलाबाईंची, दोन लुगडी फाडून अकराही हात छातीशी बांधून झाले. वटपौर्णिमेच्या वडासारखे गुंडाळलेले अकरा गडी सावलीत ओळीने बसले.

गिरधरभाऊ बैलगाड्या घेऊन आले आणि जागीच थिजले.

"कोनी मारलं रे यायले?"

"दाजी, मी बांधलंय."

"अन् पाचची वॅगन? कापायला आलेले घड काय पायांनी चालत ठेसनावर जातीन?"

"वॅगन दुसरी मिळेल, दाजी. हात मिळणार नाही!"

"दुसरी मंगळवारी! तोवर घड पिकून वर्साची मेहनत माश्यांनी खाऊन टाकली असेल! सोड रे तोताराम, ते फडकं!"

"नही भाऊ. डॉक्टर म्हने, हात जाईन."

"मंग डॉक्टरच उचलीन!"

अभिमनने विळा हाती घेतला. घड कापायचा, खांद्यावर झेलायचा, गाडीपर्यंत पळायचे, परत यायचे. विसाव्या घडाला त्याला हाडांची नावे आठवेनात. तिसाव्याला स्वतःचे आठवेना! चाळिसाव्याला डावा खांदा टरारून सुजला, नेमका गड्यांच्या गाठीच्या जागी, आणि तो चाचपताच अभिमन वाटेतच थबकला. मग घड गाडीत टाकून धावत तोतारामकडे गेला. बांधलेले सोडले, गाठ चिमटीत धरली, हलवली. गाठ कातडीबरोबर सरकली. खालचे हाड तसूभरही हलले नाही.

"काय निघालं, डॉक्टर?"

"सोडा. सगळ्यांचे सोडा."

"म्हंजे हात जात नही?"

"नाही."

"मंग लुगडी कशापायी फाडली?" प्रमिलाबाईंनी विचारले.

अकराही गडी कामाला लागले आणि पाचला पाच मिनिटे कमी असताना शेवटचा घड वॅगनमध्ये चढला.

अकराही जणांची हाडे जागच्या जागी होती. कापणाऱ्याच्या उजव्या हातात विळा असतो, म्हणून घड डाव्या खांद्यावर येतो. वर्षानुवर्षे त्याच जागी दाब पडून कातडी आणि तिच्याखालचा थर जाड होतो. धनसिंग डावरा होता.